अंगणवाडीच्या मुळाशी : ताराबाई मोडक

आधुनिक भारतीय भाषांनी परस्परांशी जी शब्दांची देवघेव केली, तीत मराठीच्या बाजूला एका शब्दाची नोंद अग्रभागी करावी लागेल. 'अंगणवाडी' हा तो शब्द होय. मलयाळमने त्यातील अंगणाच्या जागी आपले 'अंकण' बसविले आणि वाडी तशीच राहू दिली. बंगालीला 'वा' लिहिण्यासाठी अक्षरांचा एक वळसा घ्यावा लागला, पण तिनेही शब्द टाकला नाही. तमिळ, कन्नड, तेलुगू यांनी तो आपापल्या उच्चाराला जुळवून घेतला. शासनाच्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचा अर्थ अंगणातील निवारा असा सांगण्यात येतो. या अर्थाने शब्दाचा विग्रह साधतो. शब्दामागील कृती मात्र हरवते. हा शब्द ज्यांच्या कामातून जन्मला त्यांच्या लेखी तो वास्तूचा वाचक नव्हता. शाळेकडे न येणाऱ्या मुलाच्या दारात शाळेनेच जावे, या चालीचे ते नाव होते. त्या चालीचा उगम ताराबाई मोडक यांच्या आयुष्यात कसा झाला, हे पाहिल्यावाचून शब्दाचा इतिहास पुरा होत नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाच्या कार्याशी निगडित होते, आई उमाबाई. प्रार्थना समाजाच्या वर्तुळात स्त्रीशिक्षण आणि पुनर्विवाह हे सभेत वाद घालण्याचे विषय उरले नव्हते, ते घरातील नित्याचे व्यवहार झाले होते. अशा घरात वाढलेल्या मुलीला बंडखोर होण्याची गरज पडत नाही. बाहेरच्या जगाने बंड मानलेली गोष्ट तिला साधी वाटते. ताराबाईंच्या पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांत हा सहजपणा दिसतो. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर मराठी स्त्रियांची संख्या तेव्हा अगदी थोडी होती.

१९१५ साली अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही. १९२१च्या सुमारास त्या विभक्त झाल्या आणि लहान मुलीची जबाबदारी त्यांच्याकडे राहिली. चरित्रकार या प्रसंगावरून घाईने पुढे सरकतात, किंवा त्याला करुण रंग देतात. दोन्ही गोष्टी अनावश्यक आहेत. घटस्फोटित, पदवीधर, एका मुलीची आई असलेल्या स्त्रीने त्या काळात उपजीविकेचा मार्ग शोधला आणि तो तिला राजकोट संस्थानात मिळाला, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. मान होता, वेतन होते, निवाऱ्याची शाश्वती होती. १९२३ साली त्यांनी ते सारे सोडून भावनगरचा रस्ता धरला.

भावनगरास नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेली दक्षिणामूर्ती ही संस्था होती आणि तिच्या टेकडीवर गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर १९२० पासून चालू होते. गिजुभाई मूळचे वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या चिंतेतून ते मारिया मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांपाशी पोहोचले आणि वकिली मागे राहिली. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, पाठांतर नव्हते, बक्षिसे नव्हती. मुले साधने हाताळीत, बागकाम करीत, गोष्टी ऐकत, नाटके बसवीत. मॉन्टेसरी यांनी कथा-कल्पिताला बालशिक्षणात फारसे स्थान दिले नव्हते; गिजुभाईंनी मात्र लोककथा आणि लोकगीते यांना मध्यवर्ती जागा दिली. हा बदल तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. युरोपातील एका शास्त्रीय पद्धतीला काठेवाडच्या मौखिक परंपरेने आपल्यात सामावून घेतले, आणि तसे करताना तिच्यातील एक मूलभूत गृहीत उलटे केले.

या कार्यात ताराबाई सुमारे दशकभर गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. अध्यापन मंदिरातून बालशिक्षिका तयार होऊ लागल्या. गुजराती ताराबाईंनी इतकी आत्मसात केली की त्या भाषेत त्यांनी लेखन आणि संपादन केले. पुढे संघाच्या 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती त्यांनीच चालविली. गिजुभाईंचे लेखन हिंदीत नेण्याचे काम काशिनाथ त्रिवेदी यांनी केले. एकाच विचाराचे लेखन तीन भाषांत, नियतकालिकाच्या रूपाने, पालकांना उद्देशून चालू राहिले. असे असूनही या भाषांच्या वाङ्मयेतिहासांत शिक्षणपत्रिकेला जागा मिळते ती एखाद्या ओळीची. पालकांसाठी लिहिलेले साधे गद्य वाङ्मयात जमा करायचे की नाही, असा इतिहासकारांना प्रश्न पडला असावा. वास्तविक मुलाशी कसे बोलावे, हे शिकविताना या लेखकांनी गुजराती आणि मराठी गद्याला जो मृदू, बिनाआविर्भावाचा स्वर दिला, तो त्याच काळातील पुष्कळ मान्यवर निबंधांत सापडत नाही.

येथे मॉन्टेसरी पद्धतीच्या मूळ स्थानाविषयी थोडे विषयांतर करणे प्राप्त आहे. मारिया मॉन्टेसरी वैद्यक शिकलेल्या होत्या. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले. आईबाप दिवसभर कामावर गेल्यावर जिन्यात आणि अंगणात मोकाट राहणारी मुले हीच त्यांची पहिली विद्यार्थी. ही पद्धत जगभर पसरली तेव्हा मात्र ती मोजूनमापून घडविलेल्या महागड्या साधनांसह आणि प्रशिक्षणाच्या अधिकृत प्रमाणपत्रांसह पसरली, आणि पाहता पाहता सुस्थित घरांतील मुलांची झाली. १९३९ साली मॉन्टेसरी स्वतः मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. या काळात भारतातील मॉन्टेसरी शिक्षणाला मोठी प्रतिष्ठा लाभली, आणि तिचे शहरी रूपही पक्के झाले. ताराबाईंची वाट याच सुमारास उलट दिशेला वळली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

भावनगर सोडल्यावर १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. मध्यमवर्गीय मराठी पालकांनी त्याला उत्तम प्रतिसाद दिला. शिशुविहार यशस्वी झाला. त्या यशातच ताराबाईंना अपुरेपण जाणवू लागले असावे. १९३९च्या जूनमध्ये गिजुभाई निवर्तले. पुढे १९४५च्या जानेवारीत सेवाग्राम येथे नयी तालीमची व्याप्ती वाढविण्यात आली आणि जन्मापासूनच्या शिक्षणाचा, म्हणजे पूर्वबुनियादी शिक्षणाचा, विचार पुढे आला. शांताबाई नारुळकर सेवाग्रामात त्या दिशेने काम करीत होत्या. खेड्यातील, तेही अगदी निर्धन खेड्यातील, अडीच ते सहा वर्षांच्या मुलाला हे शिक्षण कसे पोहोचवावे, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नव्हता. ताराबाईंचे वय त्रेपन्न होते. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डी हे गाव निवडले गेले त्यात सोय होती. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तेथे होती, आणि आचार्य शंकर रामचंद्र भिसे यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ पाठीशी होते. भाषेच्या दृष्टीनेही ती सरहद्द होती; मराठी आणि गुजराती या ताराबाईंच्या दोन्ही भाषा तेथे एकमेकींत मिसळत. गावात चिकूच्या बागा होत्या, त्यांना तेथे वाड्या म्हणतात. गावाबाहेर मागास जातींच्या वस्त्या होत्या, आणि त्यापलीकडे वारल्यांचे पाडे. याच वर्षी अनुताई वाघ या कामात सामील झाल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, मोरगावचा; लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि नंतर शिक्षिका झालेल्या या बाईंनी पुढील सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, हे काम सोडले नाही.

बालवाडी उघडली. गावातील बऱ्या घरची मुले आली. ज्यांच्यासाठी ती मुख्यतः उघडली होती ती आली नाहीत. या ठिकाणी पुष्कळ संस्था पालकांच्या अज्ञानाविषयी अहवाल लिहितात आणि थांबतात. ताराबाई आणि अनुताई यांनी मुले का येत नाहीत, हे पाड्यांवर जाऊन पाहिले. कारणे गूढ नव्हती. आईबाप पहाटेच जमीनदाराच्या किंवा जंगलाच्या कामावर जात. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर तान्हे भावंड असे, मुलगा गुरांमागे. चार वर्षांच्या मुलाला गावापर्यंत आणणार कोण? आणले तरी अंगावर धड कपडा नाही, डोक्यात उवा, हातापायांना खरूज, आणि बालवाडीत इतर जातींची मुले. अस्पृश्यतेचा व्यवहार मुलेही जाणत, त्यांचे आईबाप तर अधिकच.

म्हणून शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढचे सारवलेले अंगण, नाही तर झाडाखालची सपाट जागा झाडून घ्यायची, मुलांना हाका मारायच्या. आधी आंघोळ, मग केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणे, गोष्ट, खेळ. बालवाडीचे एक मध्यवर्ती केंद्र गावात, आणि वस्तीवस्तीतील ही अंगणातली बालवाडी. तिलाच अंगणवाडी हे नाव पडले. 'वाडी' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत, बाग आणि छोटी वस्ती. फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला मुलांची बाग असे नाव दिले होते, आणि बालवाडीत त्याचा प्रतिध्वनी आहे. अंगणवाडीत मात्र वस्ती हा दुसरा अर्थही जागा होतो. मुलाला बागेत आणून लावायचे नाही. ते ज्या वस्तीत रुजले आहे तेथेच त्याला पाणी घालायचे, असा भेद या एका समासात उतरला.

अंगणात भरणाऱ्या शाळेचे काही परिणाम आपोआप घडून आले. पहिला असा की आयांना शिकवण दिसू लागली. मूल रडत असताना बाई काय करतात, किती वेळ त्याच्याकडे पाहत बसतात, मुलाने मातीचा गोळा केला तर त्याला हटकत का नाहीत, हे कामावर न गेलेली आजी किंवा बाळंतीण ओट्यावर बसून पाहत असे. बालसंगोपनावरील व्याख्यान हे काम करू शकले नसते. दुसरा परिणाम साधनांविषयीचा. मॉन्टेसरीची पॉलिश केलेली लाकडी साधने अंगणात नेणे शक्य नव्हते आणि ती परवडतही नव्हती. मग शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या, शंख, बांबूचे तुकडे, माती ही साधने झाली. मोठ्याकडून लहानाकडे लावलेले शिंपले क्रम शिकवितात, भरडे आणि गुळगुळीत दगड स्पर्श शिकवितात, बियांच्या राशी संख्या शिकवितात. पद्धतीचे तत्त्व टिकले, तिचे वाणसामान बदलले. काही कर्मठ मॉन्टेसरीवाद्यांना ही भेसळ वाटणे शक्य आहे. परंतु सान लोरेन्झोच्या जिन्यांवरील मुलांशी या पाड्यांवरील मुलांचे नाते दादरच्या मुलांपेक्षा जवळचे होते, आणि म्हणून ताराबाईंनी पद्धतीला तिच्या जन्मस्थानाजवळ परत नेले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

१९५७ साली केंद्राचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे परिसर जवळजवळ पूर्णपणे आदिवासी होता. बोर्डीत सुचलेली युक्ती येथे पुढच्या वयाला लावण्यात आली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेने कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि या सर्वांच्या वर, एका रचनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा गुंफणारी विकासवाडी. पाळणाघराचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. मुलगी शाळेत यावी असे वाटत असेल, तर तिच्या कडेवरचे मूल आधी कोणीतरी घेतले पाहिजे. म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाची सोय ही आठ वर्षांच्या मुलीच्या शिक्षणाची पूर्वअट होती. शिक्षण, आरोग्य आणि बालकल्याण अशी खाती शासनात वेगवेगळी असतात. पाड्यावरच्या एका घरात ती एकाच मुलीच्या कडेवर बसलेली होती. विकासवाडीने हे ओळखले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देण्यात आले. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, त्यांचे निधन झाले. अनुताई कोसबाडला राहिल्या. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन या साऱ्या कामाचा मराठीतील महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

ताराबाईंविषयीचे लेखन बहुधा येथे स्तुतिपाठात विरून जाते. एक प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही. बोर्डीचे केंद्र १९४५ साली निघाले. त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात, किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत यांविरुद्ध लढा पुकारला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जमीनदाराकडे पिढीजात राबावे, अशी ती पद्धत. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्याचे आहे आणि त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच परिसरात दोन सुशिक्षित मराठी स्त्रिया एकाच वेळी वारल्यांकडे गेल्या. एक प्रौढांच्या बेड्यांकडे, दुसरी मुलांच्या हातांकडे. मराठी समीक्षेने या दोघींना कधी समोरासमोर बसविलेले दिसत नाही. ज्या पहाटे आईबाप वेठीला जात, त्याच पहाटेमुळे मूल अंगणात एकटे राहत होते. लढ्याने ती पहाट बदलायची ठरविली, अंगणवाडीने तोवर मुलाला एकटे सोडायचे नाही असे ठरविले. दुसरे काम पहिल्याचा पर्याय नव्हते, आणि आंघोळ-कंगव्याच्या आग्रहात सुधारकी मध्यमवर्गाची नजर होती, हेही नाकारण्याचे कारण नाही. मात्र चार वर्षांचे मूल लढा जिंकला जाईपर्यंत चार वर्षांचे राहत नाही.

या अखेरच्या गोष्टीला ताराबाईंच्या हयातीत अनुभवाचा आधार होता. शरीरशास्त्राचा आधार नंतर मोठ्या प्रमाणावर मिळाला. जन्मतः मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. दोन वर्षांच्या सुमारास ते तीन चतुर्थांशापलीकडे जाते आणि सहाव्या वर्षी नऊ दशांशाच्या आसपास येते. वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट मज्जापेशींमधील जोडण्यांची. शिकागोचे मज्जाविकारतज्ज्ञ पीटर हुटेनलोखर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की मेंदूच्या पुढील भागातील या जोडण्यांची दाटी बालपणाच्या आरंभी शिगेला पोहोचते आणि मग वाढत्या वयात त्या छाटल्या जातात. कोणत्या टिकाव्यात आणि कोणत्या गळाव्यात, हे बऱ्याच अंशी वापरावर ठरते. हाताने चाचपणे, ऐकणे, बोलण्याला बोलून उत्तर मिळणे, कोणा परिचित माणसाच्या मायेची खात्री असणे, हा तो वापर. उलट उपासमार, आजार आणि सततची भीती यांचा ताण वाढत्या मेंदूवर उमटतो.

या संदर्भात जमेकातील एका प्रयोगाची आठवण अपरिहार्य आहे. १९८६-८७ साली किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील, वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ बालके निवडण्यात आली. त्यांचे वय ९ ते २४ महिने होते. काहींना दोन वर्षे दुधाचा पूरक आहार देण्यात आला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन, घरगुती साहित्यातून बनविलेली खेळणी घेऊन, आईला मुलाशी कसे खेळावे हे दाखवीत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना दोन्ही नाही. आहाराचा उपयोग तेव्हा दिसला, पण तो पुढे टिकला नाही. खेळाचा टिकला. वीस वर्षांनंतर, ज्यांच्या घरी ती सेविका गेली होती त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. घरी जाणारी बाई, अंगणातले साहित्य, पाहणारी आई, या तिन्ही गोष्टी बोर्डीच्या वाचकाला ओळखीच्या आहेत.

मेंदूविषयीचे आकडे धोरणाच्या भाषेत शिरले की त्यांचा स्वभाव बदलतो, हेही सांगितले पाहिजे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहा वर्षांपूर्वी मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो, असे नमूद केले आहे. हा आकडा वाढीचा आहे, क्षमतेचा नाही. सहाव्या वर्षानंतर दार बंद होते असा त्याचा अर्थ घेतला, तर कुरणशाळेतील दहा वर्षांचा गुराखी आणि रात्रशाळेतील तरुण यांना सोडूनच द्यावे लागेल. पालकांना धास्ती घालून तिसऱ्या वर्षी मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या शहरी बालशाळांनी या आकड्याचा जो उपयोग चालविला आहे तो याहून वाईट. ताराबाईंच्या अंगणात घाई नव्हती.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाची तरतूद दहा वर्षांत करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे म्हटले होते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत तीन वर्षांचे मूलही येते. व्यवहारात मात्र सहापासून चौदापर्यंत असेच वाचन रूढ झाले. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अनुदानावर ग्रामीण बालवाड्या निघाल्या, पण त्या विखुरलेल्या होत्या. १९७२ साली मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने शालापूर्व मुलाच्या शिक्षण, पोषण आणि आरोग्य यांचा एकत्र विचार करण्याची मागणी केली. १९७४ साली बालकांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. ताराबाई जाऊन दोन वर्षे झाली होती.

बोर्डीच्या वस्त्यांत पडलेले नाव देशभर गेले, त्याच्याबरोबर काय गेले आणि काय मागे राहिले? पूरक आहार, लसीकरण, वजन-नोंदी, गर्भवतींची काळजी ही अंगे बळकट झाली आणि त्यांचे महत्त्व कमी लेखणे हे पोटभरल्या माणसाचे बोलणे होईल. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचा रेटा आला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. परंतु चालण्याची दिशा उलटली. शिक्षिका अंगणाकडे जाण्याऐवजी आई शिध्याच्या पाकिटासाठी केंद्राकडे येऊ लागली. शालापूर्व शिक्षण हे योजनेच्या सहा सेवांपैकी एक. रजिस्टरांच्या ओझ्याखाली तेच सर्वांत आधी दबते. २०२३ साली केंद्र शासनाने या उणिवेवर जो उपक्रम काढला, त्याच्या हिंदी नावात पोषणाच्या आणि पढाईच्या, दोन्ही शब्दांमागे 'भी' जोडलेला आहे. शिक्षण परत आणण्यासाठी त्याला त्या अव्ययाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

कायद्यातही असाच संकोच झाला. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क केले आणि त्याच वेळी ४५वा अनुच्छेद बदलून सहा वर्षांखालील मुलांसाठी केवळ प्रयत्नाचे आश्वासन ठेवले. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११व्या कलमात तीन ते सहा वर्षांच्या मुलांची सोय शासन करू शकेल, असे शब्द आहेत. केलीच पाहिजे, असे नाहीत. ज्या वयाविषयी विज्ञान अधिकाधिक ठामपणे बोलत होते, त्याच वयाविषयी विधी अधिकाधिक ऐच्छिक भाषा बोलू लागला.

राहता राहिली ती अंगणात जाणारी बाई. बोर्डीत ती ताराबाई आणि अनुताई यांच्या तालमीत तयार होई. तिचे काम शिक्षिकेचे मानले जाई. योजनेत ती सेविका झाली आणि तिच्या वेतनाला मानधन म्हणण्यात आले. या मराठी शब्दात मान आणि धन असे दोन्ही आहेत, व्यवहारात दोहोंचा तुटवडा. अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय पद नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. सोळा वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील दाहोद जिल्ह्यातून आलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना उपदान कायद्याचा लाभ देय असल्याचे ठरविले. त्यासाठी दिलेल्या कारणांत एक असे होते की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत शालापूर्व शिक्षण दिले जाते, आणि हे कार्य शैक्षणिक स्वरूपाचे आहे.